व्याह्यांचा विळखा

सोयरीक ठरायच्या दिवशी सकाळी, ऊन अजून अंगणात उतरले नव्हते तेव्हा, मिहेलीने कोठीतल्या अंधारात मुंग्यांच्या लोणच्याचा रांजण खाली ठेवला, आणि तो नेमका नवऱ्याच्या शेपटावर ठेवला.

त्यात आपली काही चूक नव्हती, असे ती पुढे जन्मभर सांगत राहिली. गारठ्याने अंग आखडलेले, समोरचे धड दिसत नव्हते, आणि तुर्झाक पाहुण्यांची चटई काढायला कोपऱ्यात वाकलेला. रांजण टेकला तशी 'कट्' असा बारीकसा आवाज आला. तुर्झाकला दुखलेसुद्धा नाही. एकदम हलके हलके वाटले आणि तो तोंडावर आपटला.

"काय हो झालं?"

"काही नाही, तोल गेला." तो उठला आणि पुन्हा पडला. मग त्याने हात मागे नेऊन चाचपले. "मिहेली," तो हळूच म्हणाला, "माझं शेपूट कुठंय?"

शेपूट पिठाच्या पाटीत होते. रांजणाखालून सुटून ते तिथवर गेले होते आणि पांढरे होऊन मजेत उड्या मारत होते.

"धरा! धरा ते!" मिहेली ओरडली. दोघे धावले. तुर्झाकला शेपटाविना धावायची सवय नव्हती, त्यामुळे तो शेपटाकडे जायचा ते भिंतीकडे पोचायचा. शेपूट पाटीतून निसटले, उंबरठ्यावर आदळले आणि अंगणाच्या दिशेने सळसळत निघाले. तेवढ्यात त्यांची मुलगी अझीर दारात आली. तिने क्षणभर बघितले आणि हातातली टोपली शेपटावर उपडी टाकून त्यावर बसली.

टोपलीखाली धडधड चालू राहिली.

"बाबा," अझीर म्हणाली, "हे कोणाचं आहे?"

तुर्झाक भिंतीला धरून उभा होता. उत्तर द्यायची गरज नव्हती.

उस्मार खोऱ्यात हात मोडला तर लोक भेटायला येतात. शेपूट पडले तर यायचे थांबतात. शेपूट पडते ते भ्यायल्यावर, ही तिथे पक्की समजूत. शेपूट पडलेल्याला चौकातल्या दगडावर जागा नाही, पहाटे सूर्याला सामोरे जायच्या रांगेत तो शेवटी, आणि नवे उगवेपर्यंत त्याच्या शब्दाला किंमत नाही. वर नवे उगवते तेही आखूड आणि वेगळ्या रंगाचे, म्हणजे जन्माची खूण. अपघात झाला म्हणावे, तर घाबरून शेपूट टाकणारा प्रत्येक जण तेच म्हणतो. दार लागलं, पोरानं ओढलं, रांजण पडला. 'रांजण पडला' हे तर इतक्यांनी सांगून झाले होते, की ते म्हणणे म्हणजे कबुलीच.

आणि येणारा पाहुणा होता बोरखुस. खिंडीचा जुना राखणदार. त्याच्या घराण्यात सात पिढ्यांत एकाचेही शेपूट पडले नव्हते. ही गोष्ट खोऱ्यात कोणाला माहीत नसेल, तर त्याची आणि बोरखुसची भेट अजून झालेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

"निरोप पाठवू," तुर्झाक म्हणाला. "आजारी आहे म्हणून सांगू."

"सोयरिकीच्या दिवशी आजारी? म्हणजे मुलगी द्यायची नाही असंच झालं की!" मिहेली म्हणाली.

अझीर टोपलीवरून उठली नाही. तिचा आणि बोरखुसच्या सेन्झोचा जीव गेल्या दोन कातींपासून एकमेकांत गुंतला होता. "हे लग्न मोडलं ना बाबा," ती शांतपणे म्हणाली, "तर मी पुन्हा कात टाकणार नाही. आहे त्याच कातडीत कुजून जाईन. तुम्ही दोघं बघत बसा."

"तुझ्या आईनं रांजण—"

"तुमचं शेपूट मधे होतं!"

"शेपूट मागेच असतं, मिहेली! ते मधे कसं येईल?"

टोपलीखालची धडधड थांबली. अझीरने उठून टोपली उचलली. शेपूट निपचित पडले होते. मिहेलीने ते उचलले, पीठ झटकले आणि नवऱ्याच्या पाठीमागे धरून मान तिरकी करून पाहिले.

"डिंक आण गं," ती लेकीला म्हणाली.

ऊन अंगणात आले तेव्हा तुर्झाकला पुन्हा शेपूट होते. डिंकाचा जाड थर, त्यावर मिहेलीचा लग्नातला विणलेला पट्टा, पट्ट्याला एकीवर एक अशा तीन निरगाठी. त्याच्या पोटात श्वास मावत नव्हता. शेपटाच्या टोकाला एक बारीक काळा दोरा बांधला होता. मोठ्या माणसाच्या बोलण्याला दोनदा शेपूट आपटून मान द्यायची रीत, ती कोण चुकवणार? पण नवरी मुलगी बापाच्या पाठीशी बसते, हीही रीतच. दोऱ्याचे दुसरे टोक अझीरच्या हातात होते.

"दोनदाच," तुर्झाकने तिला तिसऱ्यांदा बजावले. "मी मान हलवली की दोनदा. बास."

"कळलं हो बाबा."

"आणि त्या पोराकडे बघत बसू नकोस."

बोरखुस दारात उभा राहिला तेव्हा दार भरून गेले. छातीवरचे खवले जुन्या ढालीसारखे, आवाज डोंगरापलीकडे जावा असा. मागे जमिनीवर त्याचे शेपूट पसरले होते, मांडीएवढे जाड, टोकापर्यंत एकाच रंगाचे. त्याच्या आडून सेन्झो डोकावत होता. बोरखुसने दारातच जीभ बाहेर काढून घरची हवा चाखली, जरासा थांबला आणि मग आत आला.

"या, या. बसा." तुर्झाकने ऊनकट्ट्यावरचा सगळ्यात तापलेला दगड पाहुण्यांना दाखवला आणि आपण भिंतीच्या सावलीत चटईवर बसला. डिंकाला ऊन सोसत नाही, हे त्याला कोणी सांगायला नको होते. वाळू तापवून घरोघरच्या अंड्यांच्या घरट्यांना पुरवायची, हा त्याचा धंदाच होता. कोणती वस्तू किती उन्हात काय होते, हे त्याला पाठ होते.

बोरखुसने सावलीकडे पाहिले. "व्याही," तो सावकाश म्हणाला, "यजमान सावलीत बसला की पाहुण्यानं निघायचं असतं. आमच्याकडे तरी असंच समजतात."

"सगळीकडेच असंच समजतात," मिहेली घाईने म्हणाली. "अहो, सरका ना उन्हात! लाजतात हो. मुलीच्या बापाला वाटतं, आपण कशाला पुढं पुढं करा."

तुर्झाक उन्हात सरकला. दगड चांगलाच तापला होता.

बोलणी सुरू झाली. बोलत होता एकटा बोरखुस. पहिली पिढी, खिंड, हिवाळा, लुटारू. तुर्झाक मान हलवायचा, मागे शेपूट दोनदा आपटायचे, टप टप. पहिली पिढी निभावली. दुसरीही निभावली. तुर्झाकचा जीव थोडा खाली बसू लागला होता, तोच समोर सेन्झोच्या गळ्याची झालर निळी होऊ लागली. हा पोरगा कोणाकडे बघून निळा होतोय, ते कळायला मागे वळायची गरज नव्हती.

"... आणि मग परवाच्या हिवाळ्यात आमची आई गेली," बोरखुस म्हणाला. त्याचा आवाज प्रथमच उतरला.

तुर्झाकने मान हलवली नव्हती. तरी शेपूट आपटले. टप टप टप टप. जत्रेत नाचताना आपटतात तसे.

बोरखुसची मान हळूहळू वर आली.

"चार दिशा," मिहेली म्हणाली. तिला स्वतःलाच पुढे काय येणार ते ठाऊक नव्हते. "आमच्या माहेरी... म्हणजे, गेलेल्या माणसाला आमच्याकडे असाच निरोप देतात. चार दिशांना चार. ह्यांना सवयच लागलीय."

बोरखुसने मान खाली घातली. मग त्याने आपले अजस्र शेपूट उचलून दगडावर चारदा आपटले. लोणच्याच्या वाट्या उडाल्या. "आमच्याकडून हे राहूनच गेलं होतं," तो म्हणाला आणि नाक ओढले.

तुर्झाकने श्वास सोडला. पट्ट्याने जेवढा सोडू दिला तेवढा. पण आता कंबरेखाली काहीतरी ओघळत होते. डिंक पाघळला होता. त्याचा गोडसर वास त्याच्या स्वतःच्या जिभेला लागला, आणि जो त्याला लागला तो भिंतीतल्या वारुळाला लागणार नाही, असे कसे होईल? लाल मुंग्यांची एक रांग भिंत उतरली, चटई ओलांडून शेपटावर चढली. मग दुसरी रांग आली.

"व्याही," बोरखुस म्हणाला, "तुमच्या शेपटावर न्याहारी चढलीय."

"असू दे, असू दे."

"असू दे काय! त्या लाल आहेत. कडकडून चावतात."

"हो का?" तुर्झाक म्हणाला. शेपूट त्याच्या अंगात नव्हतेच, तर चावल्याचे त्याला काय कळणार? पाहता पाहता शेकडो मुंग्या त्याला डसल्या होत्या आणि तो हसतमुखाने लोणच्याची वाटी पुढे करत होता. "घ्या ना थोडं. आमच्या हिच्या हातचं आहे."

बोरखुसच्या चेहऱ्यावर जे उमटले ते तुर्झाकने आजवर कोणाच्याही चेहऱ्यावर आपल्यासाठी पाहिले नव्हते. तो आदर होता.

"सेन्झो," बोरखुस मुलाला म्हणाला, "बघून घे. आपले आजोबासुद्धा लाल मुंगी चावली की शिव्या घालायचे. हा गृहस्थ बघ. झालरसुद्धा हलली नाही. वाळू तापवणाऱ्याच्या घरात ही छाती!" त्याने मांडीवर थाप मारली. "ठरलं! मुलगी आमची झाली. उठा व्याही, शेपूटभेट घेऊ."

मागे अझीरच्या हातून दोरा सुटला.

शेपूटभेटीशिवाय सोयरीक होत नाही. दोन्ही बाप पाठीला पाठ लावून उभे राहतात, शेपटाला शेपटाचा एक वेढा देतात, हलकेच ओढतात आणि सोडतात. तुर्झाकने मनाशी हिशेब केला. एक वेढा, हलकीशी ओढ, आणि निरगाठी तीन. निभेलही कदाचित.

"आमची भेट तीन वेढ्यांची असते," बोरखुस म्हणाला.

"आमच्यात एकच," तुर्झाक म्हणाला.

"छे छे! एक वेढा वाळूवाल्यांचा. तुमच्यासारख्याला तीनच."

"अहो, माझी योग्यता नाही तेवढी."

"ते मी ठरवतो," बोरखुस म्हणाला आणि पाठ फिरवली.

तुर्झाकने बायकोकडे पाहिले. तिने सूर्याकडे पाहिले. पाठीला पाठ लागली. पहिला वेढा बसला, तुर्झाकचा पट्टा करकरला. दुसरा बसला, तेव्हा पहिली गाठ सरकल्याचे त्याला कंबरेवर जाणवले. तिसऱ्या वेढ्याला बोरखुसने एक दीर्घ श्वास घेतला आणि असा काही हिसका दिला, की तुर्झाक दोन पावले पुढे जाऊन लोणच्यात पडला.

शेपूट आले नाही. ते बोरखुसच्या विळख्यात राहिले, टोकाचा काळा दोरा लोंबत, अंगावर मुंग्या वागवत.

सेन्झोची निळी झालर राखेच्या रंगाची झाली. तुर्झाकने लोणच्यात पडल्या पडल्या जगाच्या अंताची वाट पाहिली. आता हसतील, मग थुंकतील, मग ही गोष्ट चौकात जाईल.

"मोडलं," बोरखुस घोगऱ्या आवाजात म्हणाला. "सूर्यदेवा! माझ्या हातून यजमानाचं शेपूट मोडलं!"

मिहेलीने एक क्षणही वाया घालवला नाही. तिने असा हंबरडा फोडला, की तिसऱ्या आळीतल्या अंड्यांत पिल्ले दचकली असतील. "अगं बाई गं! माझ्या धन्याचं धडधाकट शेपूट! सकाळपर्यंत कसं छान होतं हो!"

"व्याही, ऐका," तुर्झाक उठत म्हणाला, "तसं नाही ते. मुळात ते—"

मिहेलीने त्याच्या पायाच्या बोटांवर पूर्ण वजन टाकून पाय ठेवला. "बघा, दुःखानं भ्रमिष्टासारखं बोलायला लागले!"

बोरखुसने ते शेपूट दोन्ही हातांवर घेतले, पट्टा आणि दोऱ्यासकट आपल्या उपरण्यात गुंडाळले आणि काखेला मारले. मग तो ताठ उभा राहिला. "रीत सगळ्यांना ठाऊक आहे," तो म्हणाला. "ज्याच्या हातून यजमानाचं शेपूट मोडेल, त्यानं ते पुन्हा उगवेपर्यंत त्याच्या घरी राबायचं. सेन्झो, घरी जा. आईला सांग, माझं अंथरूण पाठव."

"अहो, ही फार जुनी रीत झाली!" तुर्झाक घाबरून म्हणाला. "हल्ली कोण पाळतं?"

"सात पिढ्या आम्हीच पाळत आलोय," बोरखुस म्हणाला.

अशा तऱ्हेने सोयरीक झाली, लग्न सर्वांत मोठ्या दिवसावर ठरले आणि व्याही घरात राहायला आला.

बोरखुस राबला, हे खरे. नदीवरून वाळूच्या चार पाट्या एका खेपेत आणायचा. पण पहाटे गारठ्यात, जेव्हा शहाण्यासुरत्या घरात कोणी बोट हलवत नाही, तेव्हा तो अंगणात गाणी म्हणायचा. सगळ्यात तापलेला दगड त्याने पहिल्या दिवशीच धरला. संध्याकाळी पिढ्या सुरू व्हायच्या, आणि सातवी संपली की पहिली पुन्हा यायची. डोळ्यांना पापण्या नाहीत हे आपल्या जातीवर निसर्गाचे केवढे उपकार आहेत, ते तुर्झाकला त्या दिवसांत कळले. तो दुसऱ्या पिढीपासून उघड्या डोळ्यांनी झोपायचा आणि बोरखुसला वाटायचे, असा ऐकणारा मिळणार नाही.

बाजारात तर वेगळीच कथा झाली होती. तीन वेढ्यांत शेपूट उपटणारा बोरखुस, आणि शेपूट उपटले तरी हूं की चूं न करता लोणचे वाढणारा तुर्झाक. चौकात त्याला पुढच्या दगडावर जागा मिळू लागली. तिथे बसले की त्याला मुंग्या चावल्यासारखे व्हायचे.

शेपूट लवकर वाढावे म्हणून मिहेली त्याला दिवसातून तीनदा नळीच्या हाडाचा रस्सा पाजायची आणि दर तीन दिवसांनी मागून बोट लावून मोजायची. "अर्धं बोट," ती पुटपुटायची. "आणखी आठ महिने हे गाणं ऐकायचं." पण तुर्झाकला गाण्यापेक्षा दुसऱ्या गोष्टीने पोखरले होते. पोरगी खोट्यावर बसून सासरी चालली होती. उद्या हे उघडे पडले तर भोगावे लागणार होते तिला.

लग्नाला पाच दिवस राहिले. दुपारी दोघे कट्ट्यावर पडले होते. बोरखुस तिसऱ्या पिढीत होता.

"व्याही, थांबा जरा," तुर्झाक म्हणाला. "मला एक सांगायचंय. सांगितल्यावर तुम्ही लग्न मोडलंत तरी मी बोलणार नाही. पोरगी माझं काय करायचं ते करेल. माझं शेपूट तुमच्या हातून नाही मोडलं. सकाळीच पडलं होतं. भिऊन नाही. पण... रांजण पडला."

म्हणून झाल्यावर त्याला वाटले, याच्यापेक्षा 'भिऊन पडलं' म्हणालो असतो तर बरे.

बोरखुसने आभाळाकडे पाहिले. "माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"अहो, पन्नास वर्षं खिंडीत काढली. दर हिवाळ्यात पळालेल्यांची पडलेली शेपटं गोळा करून पुरायचं काम माझंच होतं. त्यांचा वास मला नाही कळणार? दारात पाऊल टाकलं तेव्हाच कळलं. वर डिंक, वर पीठ. तरी म्हटलं बघू तरी, ही मंडळी काय करतात. पण त्या मुंग्यांच्या वेळी, खरं सांगतो, हसू दाबता दाबता माझा जीव गेला असता."

तुर्झाक उठून बसला. "मग एवढा जोरात हिसका कशाला दिलात?"

"तुमच्या बायकोनं गाठी फार पक्क्या मारल्या होत्या हो. सुटेचनात."

तुर्झाकचा हात आपसूक कंबरेकडे गेला.

"पण का?" तुर्झाकने विचारले.

बोरखुसने आजूबाजूला पाहिले आणि त्याचा डोंगरापलीकडे जाणारा आवाज प्रथमच चटईच्या काठापर्यंतही गेला नाही. "आमच्या घरी कट्टा एक. त्यावर आमची बायको घुल्मा, तीन सुना आणि सतरा नातवंडं. मला कुठली जागा मिळते माहीत आहे? पन्हाळीखालची. दुपारनंतर तिथं सावली येते. खिंडीतून निवृत्त झाल्यापासून माझं अंग धड तापलेलं नाही, व्याही. आणि गोष्ट काढली की घुल्मा म्हणते, 'झालं का सुरू?' तुम्ही ऐकता. डोळा न हलवता ऐकता." त्याने घसा साफ केला. "शेपूट काय, येईलच. फार घाई करू नका, एवढंच म्हणतो मी."

तेवढ्यात मिहेली वाफाळता वाडगा घेऊन बाहेर आली. "घ्या, गरम आहे तोवर प्या. आज पाऊण बोट भरलंय बरं का! असं चाललं तर हिवाळ्याच्या आतच मोकळे व्हाल दोघंही." वाडगा नवऱ्यापुढे ठेवून ती आत गेली.

तुर्झाकने वाडग्याकडे पाहिले. मग दाराकडे पाहिले. मग बोटाने हलकेच ढकलत ढकलत त्याने तो वाडगा व्याह्यांपुढे नेला.

बोरखुसने रस्सा एका दमात संपवला, तोंड पुसले, तापल्या दगडावर पाठ टेकली आणि तिसरी पिढी पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतली. तुर्झाकने ती त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकली. गोष्ट तशी वाईट नव्हती.